पुसणाऱ्याचे नाव

प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात, असे अध्यापनाच्या साऱ्या वर्षांत मला एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. विचारले ते चेन्नईत, एका तमिळ अभ्यासकाने. तेराव्या शतकाच्या आरंभी पवणंदी मुनींनी रचलेल्या 'नन्नूल' या तमिळ व्याकरणग्रंथातील काही भाग मराठीत कसा आणता येईल, याविषयी आमचे बोलणे चालले होते. नन्नूलकारांनी प्रश्नाचे सहा प्रकार मानले आहेत : जाणणाऱ्याने विचारलेला, न जाणणाऱ्याने विचारलेला, संशयातून आलेला, काही घेण्यासाठी केलेला, काही देण्यासाठी केलेला आणि आज्ञेच्या पोटी केलेला. 'या सूत्राचा अर्थ काय?' हे वाक्य गुरूने शिष्याला म्हटले की तो पहिला प्रकार होतो, शिष्याने गुरूला म्हटले की दुसरा. शब्द तेच, बदलतो तो केवळ विचारणारा. तेव्हा ह्या विचारणाऱ्याला तुमच्या भाषेत स्वतंत्र नाव कोणते, एवढीच माझ्या मित्राची पृच्छा होती. मी एकामागून एक पाचसहा शब्द त्यांच्यापुढे ठेवले. प्रत्येक शब्दाचा व्यवहारातील अर्थ सांगू लागलो की तो माझ्याच हातून गळून पडे.

ही नामुष्की माझ्या एकट्याची असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मराठीच्या अभ्यासक्षेत्राने, आणि त्यात मीही आलोच, विचारणाऱ्या माणसाला गेली कित्येक वर्षे जे स्थान दिले आहे त्याचीच नोंद भाषेने ठेवली आहे, असे माझे म्हणणे आहे. 'आपली भाषा समृद्ध आहे, शब्द हवा तर परिभाषाकोश उघडा' असे सांगणाऱ्यांशी म्हणूनच माझे भांडण आहे.

'पृच्छक' हा शब्द प्रथम घेऊ. तो उच्चारला की आपल्याकडील शुद्धतावादी आधी त्याच्या रूपाकडे वळतात. धातू 'प्रच्छ्', कर्त्याचा 'अक' प्रत्यय लागताना 'प्र'चे 'पृ' होण्यास कारण नाही, सबब शुद्ध रूप 'प्रच्छक', असा हा युक्तिवाद. व्याकरण म्हणून तो निर्दोष आहे. पण 'पृच्छक' हे रूप मराठीच्या अज्ञानातून जन्मले, असे जे सुचवले जाते ते खरे नाही. ते याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. ते कोठे आहे हे मात्र ह्या मंडळींनी पाहिलेले दिसत नाही. ते आहे व्यवहाराध्यायात, चोर कसे ओळखावेत ह्या प्रकरणात. परक्याच्या द्रव्याविषयी आणि घरादाराविषयी विचारपूस करणारे, गुप्तपणे हिंडणारे, मिळकत नसताना खर्च करणारे हे लोक संशयावरून पकडावेत, असा तेथील आशय आहे. म्हणजे पृच्छक हा तेथे संशयित आहे. मराठीत हाच शब्द आज मुख्यत्वे ज्योतिषाच्या पुस्तकांत जगतो. तेथे पृच्छक म्हणजे प्रश्नकुंडली मांडून घेण्यासाठी आलेला गरजू. तो दक्षिणा ठेवतो आणि उत्तर घेऊन जातो; उलट प्रश्न करण्याची त्याला सोय नाही. एकीकडे संशयित, दुसरीकडे अगतिक. 'प्र' की 'पृ' यावर घातलेल्या वादांपैकी निम्मा वेळ जरी आपण ह्या अर्थाच्या प्रवासावर घातला असता, तरी बरेच काही हाती लागले असते.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. संस्कृतात पुसणाऱ्यासाठी अगदी बारकाईचे शब्द आहेत. पाणिनीच्या सूत्रावरील वार्तिकाने 'स्नान नीट झाले ना?' असे विचारणारा तो 'सौस्नातिक' आणि 'झोप सुखाची लागली ना?' असे विचारणारा तो 'सौखशायनिक', अशी रूपे सिद्ध केली आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीपुढे पांड्य राजाचे वर्णन करताना त्याचा सौस्नातिक म्हणून साक्षात अगस्त्याला उभे केले आहे. ज्याला तमिळ परंपरा आपला आद्य वैयाकरण मानते तो हा अगस्त्य. राजाच्या स्नानाची चौकशी करणाऱ्याला स्वतंत्र शब्द आणि राजाच्या राज्याची चौकशी करणाऱ्याला मात्र चोरांच्या यादीत जागा! संस्कृतातून परिभाषा उचलताना ही वाटणीही आपल्याबरोबर येते, याचे भान आपल्या समित्यांना असते काय?

दुसरा शब्द 'प्राश्निक'. ह्याची कहाणी मला अधिक लागते, कारण आयुष्यभर मी स्वतः प्राश्निक म्हणून मानधन घेत आलो आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्राश्निक म्हणजे प्रयोगाचे गुणदोष पारखणारे जाणकार. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, छंद जाणणारा आहे, व्याकरण जाणणारा आहे, चित्रकार आहे, नर्तक आहे, राजा आहे आणि गणिकाही आहे. प्रयोगातील ज्या गोष्टीविषयी वाद होईल, ती ज्याच्या विद्येतील असेल त्याने तिचा निवाडा करावा, अशी ती व्यवस्था. 'मालविकाग्निमित्रा'त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वासाठी भांडतात तेव्हा निवाड्याचे काम परिव्राजिका कौशिकीकडे येते. आचार्य कोणी किती सांगितले यावर न जाता, शिकवलेले शिष्येच्या अंगी उतरले आहे की नाही हे पाहावे, असा आग्रह ती धरते. प्राश्निक म्हणजे उघड्या सभेत, सर्वांसमक्ष, आपल्या विद्येच्या जबाबदारीवर बोलणारा माणूस.

आज मराठीत प्राश्निक म्हणजे प्रश्नपत्रिका काढणारा. तो गुप्त असतो. त्याचे नाव कोणाला कळता कामा नये. तो बंद लखोट्यात प्रश्न पाठवतो आणि त्याबरोबर बहुधा आदर्श उत्तरेही पाठवतो. उत्तर आधी ठरलेले असल्यावाचून ज्याला प्रश्न विचारताच येत नाही, अशा माणसाला आपण हे भरताचे नाव दिले आहे. नन्नूलकारांचा पहिला प्रकार, जाणणाऱ्याने केलेला प्रश्न, एवढाच काय तो आपल्या साहित्यशिक्षणात शिल्लक उरला. बाकीचे पाच अभ्यासक्रमाबाहेर गेले. बालकवींच्या कवितेतील निसर्ग 'स्पष्ट करा', केशवसुतांची बंडखोरी 'सोदाहरण विशद करा'. ह्यांना आपण प्रश्न म्हणतो. ह्या आज्ञा आहेत. नन्नूलच्या हिशेबात त्या सहाव्या प्रकारात जातील.

ह्या शिक्षणाचे फळ मी एका विद्यापीठात पीएच.डी.च्या मौखिकीच्या वेळी पाहिले. मी बहिःस्थ परीक्षक होतो. प्रबंधातील एका विधानाला मी आक्षेप घेतला. उमेदवार मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्हांला असे कशावरून वाटते?" मी उत्तर जुळवू लागलो होतो, कारण आक्षेपाला आधार काय हे मलाच नीट सांगता येत नव्हते. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक तिच्यावर खेकसले, "विचारायचे त्यांनी, सांगायचे तू." मुलीने माफी मागितली. मीही गप्प राहिलो. सही केली, चहा घेतला आणि गाडी पकडली. तिचा प्रश्न प्रबंधातल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा मोलाचा होता, हे त्या खोलीत म्हणावयाला हवे होते, ते मी म्हटले नाही.

उरलेल्या शब्दांवर फार थांबण्याचे कारण नाही. 'प्रश्नकर्ता' हा विधिमंडळाच्या कामकाजात आणि नियतकालिकांच्या सल्ल्याच्या सदरात चालतो. त्याला ना रंग ना वास. 'चौकस' मूल कौतुकाचे, पण चौकस शेजारी नकोसा. 'चिकित्सक' हा वैद्यही आहे आणि जेवताना भाजी निवडत बसणाराही. 'शंकेखोर' मधला 'खोर' हा चुगलखोर, भांडखोर यांच्या पंक्तीतला आहे हे सांगायला नकोच. 'शंकासुर' तर मजेदार : वेद पळवणारा पुराणातला असुर तो शंखासुर. दशावतारात तो संकासुर झाला आणि सुशिक्षितांनी त्याच्या नावात 'शंका' वाचून ते नाव विचारणाऱ्याला चिकटवले. राहता राहिला 'जिज्ञासू'. हा शब्द सर्वांनाच आवडतो, आणि का आवडतो ते पाहण्याजोगे आहे. जिज्ञासू म्हणजे जाणू इच्छिणारा. इच्छा मनात असते. तिच्यासाठी तोंड उघडावे लागत नाही. मागच्या बाकावर आयुष्यभर मुका बसलेला माणूसही जिज्ञासू असू शकतो. आपल्या परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांवर 'जिज्ञासूंनी लाभ घ्यावा' असे छापलेले असते. विचारणाऱ्यांनी यावे, असे छापलेले मी अद्याप पाहिले नाही.

आता क्रियापदाकडे या, म्हणजे ही दुरवस्था किती अकारण आहे ते दिसेल. हिंदीत 'पूछना', गुजरातीत 'पूछवुं'. दोन्ही 'प्रच्छ्'च्या कुळातली. मराठीतही त्याच कुळातले 'पुसणे' आहे, पण ते आता ओव्याअभंगांत आणि 'विचारपूस' ह्या जोडशब्दात राहिले. फळा पुसणे, डोळे पुसणे ह्या दुसऱ्या 'पुसण्या'ने त्याची जागा अडवली. त्याच्याऐवजी मराठीने जे क्रियापद पुढे केले ते आहे 'विचारणे'. विचार करणे आणि विचारणे ही दोन कामे मराठी माणूस एकाच शब्दाने करतो. आणि ह्या क्रियापदाचा विस्तार पाहा. 'आईला विचार' यात परवानगी आहे. 'तुम्ही कसे आहात ते तो विचारत होता' यात माया आहे. 'जाब विचारणे' यात हिशेब मागण्याचा अधिकार आहे. 'त्याला आता कोणी विचारत नाही' यात तर माणसाची सारी किंमतच विचारले जाण्यावर ठरवली आहे. हे वाक्य मराठीतील सर्वांत निष्ठुर वाक्यांपैकी एक असावे.

असे क्रियापद ज्या भाषेला लाभले तिने त्याचा कर्ता कसा घडवला? 'विचारी' : शांत, समजूतदार, मध्ये न बोलणारा. आणि 'विचारवंत'. विचारवंत काही विचारत नाही, तो सांगतो. त्याला व्यासपीठावर बसवतात, त्याच्या हाती ध्वनिक्षेपक देतात, आणि त्याचे संपले की आभारप्रदर्शन होते. शब्दाच्या पोटात जे विचारणे होते ते काढून घेऊन आपण त्याला वक्ता केले. प्रश्नोत्तरांसाठी कार्यक्रमपत्रिकेत ठेवलेली दहा मिनिटे अध्यक्षीय भाषणात कशी विरघळतात, हे ग्रंथालयांतून व्याख्यानमाला चालवणाऱ्यांना मी सांगायला नको.

हे पूर्वापार असेच होते, असे मात्र नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या 'लीळाचरित्रा'त आपण पाहतो ते पुसण्यातून घडले आहे. भक्तजन पुसतात, सर्वज्ञ निरूपण करतात, पुन्हा कोणी पुसते. ह्या पुसणाऱ्यांत महदाइसा अग्रभागी आहे. 'धवळे' रचणारी आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिला परीक्षेपुरते ओळखतो. तिच्या सततच्या पुसण्याला उद्देशून चक्रधरांनी तिला जे शब्द वापरले त्यांत एक 'चर्चक' हा आहे. बाई वयस्क, नेहमी काही ना काही पुसणारी. आणि तिच्या पुसण्याला गुरूच्या तोंडून नाव मिळते ते 'खोर' लावून नव्हे, गौरवाचे. पुढे नागदेवाचार्यांना विद्वान शिष्य संस्कृत वळणाने विचारू लागले तेव्हा, मला चक्रधरांनी मराठीतून सांगितले आहे, तुम्हीही त्याच भाषेत पुसा, असे त्यांनी बजावले. ह्या प्रसंगाचा उपयोग आपण नेहमी मराठीच्या अभिमानासाठी करतो. पण आचार्यांचा आग्रह मराठीत बोलण्यापुरता नव्हता. तो मराठीत पुसण्याचा होता.

चारशे वर्षांनी रामदासांचा 'दासबोध' सुरू होतो तोही श्रोत्यांच्या पुसण्याने. पुढे समासासमासांत श्रोते आशंका घेतात आणि वक्त्याला ती फेडावी लागते. तेथे आशंका घेणारा श्रोता हा ग्रंथाचा भागीदार आहे. हा ग्रंथ घेऊन रामदासी तमिळ देशात तंजावरपर्यंत आले, तेथे मठ झाले. त्या काळात शंका घेणे हा श्रोत्याचा धर्म होता. आज 'शंका घेतो' म्हटले की माणसाच्या चारित्र्याविषयी बोलणे होते. गुरुपरंपरेचे दाखले देणाऱ्यांनी गीतेतील प्रसिद्ध त्रयीही एकदा नीट वाचावी. प्रणिपात आणि सेवा ह्यांच्या मधोमध 'परिप्रश्न' आहे. आपल्या विद्यापीठांनी अलीकडचा आणि पलीकडचा शब्द तेवढा उचलला.

ह्यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. शब्द नाही म्हणून माणसे नव्हती असे थोडेच? बरोबर आहे, माणसे होती, आणि थोर होती. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त निबंध लिहून आपल्या मांगमहारांचा धर्म कोणता, असे विचारणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी होती. १८७३ ची जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' संवादाच्या रूपात आहे. तिच्यातला धोंडीराव नुसता होकार देणारा नाही, अडवून विचारणारा आहे. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. तिच्यात पुरुषांना केलेले प्रश्न एकापाठोपाठ एक येऊन आदळतात. ह्या सर्वांना आमच्या वाङ्मयेतिहासाने काय म्हटले? 'बंडखोर', 'विद्रोही', 'सुधारक'. हे गौरवाचे शब्द आहेत अशी आमची समजूत. माझ्या मते ही पळवाट आहे. विचारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. बंडखोराला द्यावे लागत नाही. बंडखोराचा एक तर बंदोबस्त करता येतो किंवा, शंभर वर्षांनी, शताब्दी. मुक्तेच्या प्रश्नाला तिच्या वेळी कोणी उत्तर दिले आणि त्यानंतर कोणी दिले, ह्याचा शोध आमच्या किती प्रबंधांनी घेतला? आम्ही तिची 'बंडखोर जाणीव' तपासली आणि मोकळे झालो.

आणि हा केवळ वाङ्मयेतिहासाचा तंटा नाही. गोविंद पानसरे यांच्या १९८८ मधल्या पुस्तिकेचे नावच एक प्रश्न आहे : 'शिवाजी कोण होता?' फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर मारले गेले, आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडला एम. एम. कलबुर्गी, कन्नड शिलालेखांना आणि वचनांना आयुष्यभर प्रश्न विचारणारा, २००६ चा अकादमी पुरस्कार मिळालेला हा पंडित. ह्या तिघांवर आम्ही शोकसभा घेतल्या. त्या सभांतून 'विचारवंतांची हत्या' हे शब्द वारंवार ऐकू आले. विचारवंत असते तर कोणी कशाला हात लावला असता! व्यासपीठे कमी का पडली होती? ते विचारणारे होते. ज्या गुणासाठी ते गेले, तो गुण सांगणारा शब्दच त्या श्रद्धांजलीत नव्हता.

तमिळ मित्राकडे परत येतो. त्यांची भाषा ह्या बाबतीत स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. 'विचार' हा संस्कृत शब्द तमिळमध्येही गेला आणि त्याचे 'विसारणै' झाले. त्याचा रोजचा अर्थ चौकशी, खटला, पोलिसी तपास. २०१५ चा वेट्रिमारन यांचा त्याच नावाचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना कोठडीतील 'विचारणे' म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. परंतु त्या भाषेजवळ आणखी एक शब्द आहे, आणि त्याचा मला हेवा वाटतो. 'केळ्' ह्या एकाच धातूचे दोन अर्थ : ऐक आणि विचार. त्यापासून झालेले 'केळ्वी' हे नाम प्रश्नही आहे आणि ऐकून मिळवलेली विद्याही. तिरुक्कुरळचा बेचाळिसावा अध्याय ह्याच नावाचा आहे. त्याच्या आधी विद्या आणि अविद्या यांचे अध्याय, त्यानंतर लगेच बुद्धिमत्तेचा. श्रवणाची महती सांगणारा हा अध्याय चेन्नईच्या वळ्ळुवर कोट्टममध्ये बाकीच्या कुरळांबरोबर दगडावर कोरलेला आहे. साने गुरुजींनी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात तमिळची कास धरली आणि कुरळ मराठीत आणला. आम्ही तो कपाटात ठेवला. ऐकणारा आणि विचारणारा हे एकाच क्रियापदाचे कर्ते आहेत, ही कल्पनाच मराठी सभेला परकी झाली आहे. आमच्याकडे ऐकणारे 'श्रोतृवृंद' असतात आणि विचारणारे 'गोंधळ घालणारे'.

माझे मागणे मोठे नाही. 'प्राश्निक' हा शब्द परीक्षा विभागाने ठेवून घ्यावा. तो आता आम्हांला परत मिळण्यासारखा राहिलेला नाही. 'पृच्छक' ज्योतिषांना लखलाभ. परंतु पुढच्या शब्दकोशात 'चर्चक' ह्या नोंदीला केवळ 'चर्चा करणारा' असा अर्थ देऊन भागवू नये. महदाइसेचा दाखला देऊन, पुसणारी, पुसून पुसून दुसऱ्याला सांगायला लावणारी व्यक्ती, असा तिचा अर्थ द्यावा आणि तो प्राचीन म्हणून बाजूला न टाकता वापरात घ्यावा. त्या मौखिकीतल्या मुलीच्या अहवालात मला हा शब्द लिहिता आला असता.

तमिळ मित्राला मी अखेर हाच शब्द दिला. त्यांनी तो आपल्या वहीत तमिळ लिपीत उतरवला, 'सर्च्चकर'. एकदा मोठ्याने वाचला आणि हसू लागले. "सार, आमच्या भाषेत 'सर्च्चै' म्हणजे वादंग. हे वाचणारे समजतील, हा वादंग माजवणारा कोणी."

मी म्हटले, "असू द्या. तसेच राहू द्या."

त्यांनी शब्द खोडला नाही.